हुकुमाचा माणूस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी दानियलभाऊंचं नाव घेतो. ऐकणारा बहुतेक वेळा विचारतो, "ख्रिश्चन होते काय?" मी सांगतो, नाही, यहुदी. बेने इस्राएल. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे, भात-मासे खाणारे लोक. मग पुढचा प्रश्न येतो, "मग ते आलापल्लीत काय करत होते?"

थोडक्यात सांगायचं तर ते शनिवारी काम करत नसत, म्हणून कोकणापासून इतक्या दूर, जंगलातल्या आलापल्लीत होते. वनखात्याच्या लाकूड डेपोत ते कारकून होते. सागाच्या ओंडक्याचा घेर टेपनं मोजायचा, लांबी लिहायची, नंबर टाकायचा, हे त्यांचं काम. तरुणपणी दुसऱ्या जिल्ह्यात असताना एका साहेबानं शनिवारी लिलावाला हजर राहा म्हणून सांगितलं. भाऊ राहिले नाहीत. लगेच इकडे बदली झाली. त्या काळी इकडची बदली ही शिक्षाच समजली जायची. भाऊंनी इथल्या साहेबाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "शनिवार मला मागू नका. रविवारी मी एकटा येऊन मोजणी करीन." साहेबाकडे माणसांची वानवा होती, तो हो म्हणाला. भाऊ निवृत्त होईपर्यंत दर रविवारी रिकाम्या डेपोत टेप घेऊन एकटे फिरताना दिसायचे.

गावाला हा शनिवार कधी नीट कळला नाही. भाऊंच्या घरासमोर पोचन्नाची चहाची टपरी होती. त्याच्या मते भाऊ शनीचा कडक उपास करत असत.

"भाऊ, एवढे शनिवार पाळता, तर शनीले तेल काऊन नाई वाहत?"

"माझा शनीशी काही संबंध नाही."

"मंग दिवसभर बसून काऊन राह्यता?"

"बसायचा हुकूम आहे."

"कोणाचा?"

भाऊ बोट वर करायचे. पोचन्ना वर बघायचा, मग स्वतःच्या टपरीच्या पत्र्याकडे. "मलेबी तोच आहे ना वरती. मले तं सातही दिवस टपरी लावाले लावते."

"तुला सांगितलेलं नाही," भाऊ म्हणायचे. "ज्याला सांगितलंय त्यानं करायचं." हे ते चेष्टेनं म्हणत नसत. त्यांना चेष्टा जमायची नाही.

आठवडी बाजारात ते मासे घ्यायला गेले की बायका आधीच हसायला लागायच्या. चष्मा पुसून, मासा उताणा-पालथा करून, ते खवले शोधायचे. खवले नसलेला मासा त्यांना चालत नसे. "भाऊ, मांगूर घ्या ना. काटा नाई याले, म्हाताऱ्या माणसाले बरा." "खवले कुठे आहेत?" "आता खवले खाता काय तुमी?" सगळी ओळ हसायची. रोहू मिळाला तर भाऊ घ्यायचे, नाहीतर रिकामी पिशवी नीट घडी घालून परत आणायचे. मटण-कोंबडी तर त्यांनी आलापल्लीत आल्यापासून खाल्लीच नव्हती, कारण त्यांच्या नियमानं कापणारा माणूस इथे नव्हता. म्हणून अर्ध्या गावाला ते माळकरीही वाटायचे.

मी त्यांच्याकडे कसा आलो ते सांगतो. माझं गाव आलापल्लीहून वीस-बावीस किलोमीटर आत जंगलात. आमच्या घरात बारावी झालेला मी पहिला. कॉलेजात नाव लागलं, पण राहायला जागा नव्हती. बाबा पूर्वी डेपोत ओंडके चढवायच्या कामाला जायचे. त्यांना एवढंच माहीत होतं की हा माणूस टेप सैल धरत नाही आणि ओढूनही धरत नाही. तेवढ्या ओळखीवर ते मला घेऊन भाऊंच्या दारात उभे राहिले. भाऊ म्हणाले, "मागची खोली आहे. शनिवारी घरात आवाज नको. बाकी काही नियम नाही." मग त्यांनी अर्धा तास बाकीचे नियम सांगितले.

आतून त्यांच्या बायको बाहेर आल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "पोरगा जेवलाय का ते आधी विचारा." त्यांना मूलबाळ नव्हतं.

बाईंचा आणि देवाचा वेगळाच व्यवहार होता. भाऊ ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिशेला तोंड करून, डोक्यावर टोपी घालून प्रार्थना करायचे. एक शब्द गाळायचे नाहीत. बाई वालाच्या शेंगा सोलता सोलता देवाशी बोलायच्या. आज ऊन फार केलंस, असं म्हणायच्या. अमक्या घरची सून अडली आहे, तिकडे जरा बघ. नियम त्या पाळायच्या, पण विसरायच्याही. एकदा प्रार्थना अर्धी सोडून त्या उठल्या आणि मांजराला दूध घातलं. भाऊ संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "मध्येच उठायचं नसतं."

"मांजर भुकेलं होतं. तुमची प्रार्थना कुठवर आलीय ते त्याला कसं कळणार?"

शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्या काचेच्या दोन पेल्यांत तेल घालून वाती लावायच्या, हात डोळ्यांवर धरायच्या आणि पुटपुटायच्या. भाऊ बाजूला उभे राहून घड्याळ बघायचे. पुढच्या दिवशी तिन्हीसांजेला चांदण्या दिसेपर्यंत त्या घरात चूल नाही, दिव्याचं बटण नाही, लेखणी नाही, पैसा नाही. भाऊ मला शनिवारी दुपारी ओसरीवर बसवून इंग्रजी शिकवायचे, तेही तोंडी. माझ्या तोंडून एक वाक्य चुकलं की ते वीस वेळा म्हणवून घ्यायचे. मी आज जे काही शिकवतो ते त्या ओसरीवरचं आहे.

अशाच एका शनिवारी मी त्यांना विचारलं, "भाऊ, एवढं सगळं कंटाळा न करता कसं करता तुम्ही?"

"कंटाळा येतो की," ते म्हणाले. "देवाची सेवा दोन तऱ्हांनी होते. एक प्रेमानं, एक हुकुमानं. प्रेमाची मोठी, असं आमचे सगळे जाणते सांगतात, मी नाही म्हणत नाही. पण आवडीनं करणारा आवड संपली की उठून जातो. हुकुमाचा माणूस बसून राहतो."

आतून बाईंचा आवाज आला. "आणि प्रेम कर हाही हुकूमच आहे, ते का नाही सांगत त्याला?"

भाऊंनी टोपी नीट केली.

"रोज दोनदा तोंडानं म्हणतात हे. पूर्ण मनानं, पूर्ण जिवानं प्रेम कर म्हणून. म्हणतात आणि पुढे जातात."

भाऊंनी समोरच्या सागाच्या झाडाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "आधी करत राहायचं. प्रेम मागून येतं. माझे वडील असंच सांगायचे."

"आलं काय?" मी विचारलं. तेव्हा माझं वयच असं होतं, काय विचारावं हे कळत नव्हतं.

"येईल," भाऊ म्हणाले.

माझं शेवटचं वर्ष होतं. आदल्या वर्षाचा एक पेपर राहिला होता, तो धरून सगळे काढायचे होते. त्याच हिवाळ्यात बाईंच्या पोटात दुखायला लागलं. चंद्रपूरला दाखवलं, तिथून नागपूरला पाठवलं. खेपांना मीही बरोबर असायचो. गाठ निघाली. डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, आणि भाऊंनी घरी आल्यावर बाईंना जसंच्या तसं सांगितलं, कारण खोटं बोलायचं नसतं.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळच्या चहाला, बाई एकदम म्हणाल्या, "हा पास झाला की मी एलियाहू हन्नबीचा मलिदा करीन."

मलिदा म्हणजे त्यांच्याकडे आभाराचं ताट. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच तऱ्हेची फळं. एलियाहू पैगंबराच्या नावानं करतात. मलिदा करायलाच हवा असा कोणावर हुकूम नाही. मनात आलं तर बोलायचा. पण एकदा बोललं की फेडावाच लागतो.

बाई फार खूश दिसत होत्या. मीही लाजून हसलो. भाऊंनी कप खाली ठेवला आणि ते उठून ओसरीवर गेले. दिवसभर तिथेच बसले. जेवायलाही आत आले नाहीत. संध्याकाळी सूर्य सागाच्या मागे गेला, तेव्हा आत आले आणि हात धुऊन जेवायला बसले. काय झालं ते मला कळलं नाही.

बाई मे महिन्यात गेल्या. उन्हानं आलापल्लीचा डांबरी रस्ता मऊ झाला होता. जाळायचं तर नव्हतंच, आणि त्यांच्या लोकांची दफनभूमी शेकडो किलोमीटर दूर. बाबा गावातल्या जाणत्यांना भेटले. आमच्याकडेही पुरतात. त्यांनी आमच्या गावाच्या कडेला, मोहाच्या झाडापासून थोडी दूर, जागा दिली. मेलेल्यासाठी म्हणायची एक प्रार्थना असते, तिला त्यांचे दहा पुरुष लागतात. भाऊ एकटे होते. आमच्या गावचे तीस-चाळीस पुरुष उभे होते. कोणीतरी म्हणालं, "आमी आहोत ना भाऊ, म्हना." भाऊंनी हात जोडले, पण प्रार्थना म्हटली नाही. मातीवर माती टाकत राहिले.

जून संपता संपता निकाल लागला. मी पास झालो. भाऊंना सांगायची मला हिंमत होईना. त्यांनीच विचारलं, आणि ऐकून म्हणाले, "पोहे आण. जाड नको."

मलिद्याची तयारी त्यांनी एकट्यानं केली. नारळ स्वतः खोवला. केळी, सफरचंद, चिकू, खजूर मिळाले. पाचवं फळ मिळेना, तेव्हा पोचन्नानं जांभळं आणून दिली. "जांभूळ चालते काय तुमच्या देवाले?" "झाडाचं फळ आहे, चालतं." शेजारपाजारचे दहा-बारा लोक बसले. भाऊंनी हिब्रू प्रार्थना म्हटल्या. आवाज कापला नाही. एक शब्द गाळला नाही. पहिलं ताट त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"खा. तिचा शब्द पुरा झाला."

स्वतः त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला. लोक गेल्यावर ते मला ओसरीवर घेऊन आले. उभ्यानंच बोलले.

"बायकोनं नवस बोलला तर नवऱ्याला तो मोडता येतो. ऐकला त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत. नंतर नाही. त्या दिवशी मी इथे बसलो होतो. मोडायचा, आणि तिला सांगायचं, स्वतःसाठी बोल. सबंध दिवस हातात होता."

"मग काऊन नाई मोडला, भाऊ?"

"ती खूश होती," ते म्हणाले. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला मोडवेना."

पुढे म्हणाले, "देव सौदा करतो असं मी मानत नाही. पण तिच्याजवळ मागायला एकच गोष्ट होती, ती तिनं तुझ्यासाठी मागितली. आणि देवानं दिली. आयुष्यात एकदाच मी कर्तव्य सोडून प्रेमानं वागलो. त्याचं हे." मग माझ्याकडे न बघता, "तुझा काही दोष नाही. पण मला तुझ्याकडे बघवत नाही. खोली सोड."

मी दुसऱ्या दिवशी सोडली.

पण बाईंना त्यांनी शब्द दिला होता की याला नोकरी लागेपर्यंत शिकवीन. तो त्यांनी पाळला. मी निबंध लिहून पोस्टानं पाठवायचो, ते तपासून परत पाठवायचे. पानापानावर लाल खुणा, पण वर "प्रिय" नाही, खाली सही नाही. दोन वर्षं एकही आठवडा चुकला नाही. कुरखेडा तालुक्यात एका शाळेवर मी लागलो आणि त्यांना पेढे पाठवले. त्या दिवसापासून पाकिटं बंद झाली. शब्द संपला होता.

त्यानंतर चार वर्षं मी त्यांना भेटलो नाही. पोचन्नाकडून खबर कळायची. भाऊ शुक्रवारी स्वतः वाती लावतात, शनिवारी बसतात, थंड भात खातात. मला ते ऐकून बरं वाटायचं. वाटायचं, चाललं आहे.

गेल्या पावसाळ्यात पोचन्नाचा फोन आला.

"मास्तर, एक सांगू काय? भाऊ शनिवारी माह्या टपरीवर आले."

"बसले असतील."

"बसले नाई. चहा मांगला. गरम चहा पेले. खिशातून पैसे काढून देल्ले. मी नाई म्हणत होतो, घेत नवतो, तं टेबलावर ठेवून गेले." मग आवाज उतरवून म्हणाला, "मले भेव लागून राह्यला मास्तर. हा माणूस शनिवारी पैशाले हात लावत नवता कधी."

मी त्याच आठवड्याच्या शुक्रवारी दोन बस बदलून आलापल्लीला पोचलो. ऊन उतरलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. भाऊ खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी नाही. मी पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हातही ठेवला नाही.

दोन्ही पेले खिडकीत कोरडे होते. आत मेलेले किडे होते.

"वाती नाई लावल्या आज?"

"नाही." मग पेल्यांकडे बघत, "वडील म्हणायचे, करत राहा, प्रेम मागून येतं. पन्नास वर्षं वाट बघितली. तिच्यावर आलं. ते कोणी न सांगता आलं. त्याच्यावर नाही आलं. ती होती तोवर मला वाटायचं येतंय, जवळच आहे. ते तिचं होतं. तिच्या हातच्या दिव्याचा उजेड माझ्या अंगावर पडायचा, एवढंच."

"पण हुकूम तर आहे ना, भाऊ?"

"आहे. हात उचलत नाही."

मी पिशवीतून तेलाची बाटली काढली. एक पेला घेऊन शर्टाच्या टोकानं पुसायला लागलो.

"तुला कोणी सांगितलं?" भाऊंनी विचारलं.

"कोणी नाई. मले वाटलं म्हणून."

"मग ठेव ते खाली," ते म्हणाले. "आणि जा."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मोजणी सांगावी तसा होता. मी पेला ठेवला आणि निघालो. बसमध्ये माझ्या मांडीवर तेलाची बाटली तशीच होती.

सोमवारी मी त्यांना पत्र टाकलं. गुरुवारी भाऊ गेले. सकाळी चहा विचारायला गेलेल्या पोचन्नाला ते खाटेवर सापडले. शुक्रवारी मी पोचलो तो त्यांना आमच्या गावी, बाईंच्या शेजारी नेण्यासाठी. याही वेळी ती प्रार्थना कोणी म्हटली नाही. म्हणणारा एकही नव्हता. घरात मी पत्र शोधलं, मिळालं नाही. पोस्टमन म्हणतो, दिलं असेल. बुधवारी दिलं की गुरुवारी दाराखालून सरकवलं, त्याला आठवत नाही. पत्र आधी वहीत लिहायचं, मग कागदावर उतरवायचं, ही सवय मला भाऊंनीच लावली, म्हणून त्याची नक्कल माझ्याकडे राहिली आहे. ती अशी:

आदरणीय भाऊंना नमस्कार.

शुक्रवारी तुम्ही विचारलं, तुला कोणी सांगितलं. मी कोणी नाही म्हणालो. ते खोटं होतं.

नागपूरच्या दवाखान्यात, शेवटच्या खेपेला, तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात, तेव्हा बाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, मी नसले की दर शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत यांच्याकडे जात जा. भात झालाय का बघ, पेल्यात तेल आहे का बघ. ते मागणार नाहीत. हाकलतील. तरी तू जायचंच, हे मी तुला सांगून ठेवते. मी हो म्हणालो.

सहा वर्षं मी गेलो नाही. तुम्ही खोली सोड म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही झालं. तुम्हाला माझ्याकडे बघवत नव्हतं, तसं मलाही तुमच्याकडे बघवत नव्हतं. भाऊंनीच हाकललं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. हाकलतील हे तर बाईंनी आधीच सांगितलं होतं.

परवा हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी माझ्या मनानं आलो असं तुम्हाला वाटावं अशी माझी इच्छा होती. ते जास्त चांगलं दिसलं असतं. तुम्ही मला परत पाठवलंत ते बरोबर केलंत.

माझ्या मनाचं राहू द्या. ते सहा वर्षांत एकदा आलं. मला सांगितलेलं आहे, म्हणून मी येतो आहे. या शुक्रवारी आणि पुढच्या प्रत्येक शुक्रवारी. तांदूळ आणि तेल मी आणतो. वात लावायला तुमचा हात उचलत नसेल तर मी हात धरीन, लावायची तुम्ही. तुम्हाला काही वाटलं पाहिजे असं नाही. माझ्याबद्दल नाही, त्याच्याबद्दलही नाही.

दार उघडलं नाहीत तर मी पायरीवर बसेन. तुम्ही फक्त घरी असा.

आपला विद्यार्थी